अनंताला घरची सून लागते का?

आमच्या घरमालकांना वर्षातल्या अकरा महिन्यांशी काही देणंघेणं नव्हतं. चैत्र आला काय अन् पौष गेला काय. सगळा जीव एकट्या भादव्यात अडकलेला, आणि तो भादवा त्यांच्याकडे बारा महिने चालायचा. भर मे महिन्यात, गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग लागलेली असताना, हा माणूस टँकरवाल्याला विचारणार, "का हो, तुमच्या गावात ऋषीपंचमीला काय खातात?" टँकरवाला बिचारा हातात पाइप धरून उभा. "गुरुजी, आधी बादली धरा. मग ऋषीचं बघू," म्हणायचा. गुरुजी बादली धरायचे, पण प्रश्न सोडायचे नाहीत.

त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं राहिलो. आता ते घर नाही. त्या जागी चार मजली वसतिगृह आहे आणि दारावर मेडिकलला लागलेल्या पोरांचे फोटो आहेत. परवा लातूरला गेलो होतो तेव्हा मुद्दाम त्या गल्लीत गेलो आणि उगाच गेलो असं वाटलं. गुरुजींना जाऊनही बरीच वर्षं झाली. कुणाला विचारणार? शेजारीपाजारी बदललेले. चहाच्या गाड्यावरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "कोण गुरुजी? इथं सगळे सरच हायेत."

मी मूळचा देगलूरचा. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून लातूरला एका क्लासमध्ये शिकवायला लागलो, तेव्हा भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती. ज्यांची घरं तडकली त्यांनी तडे बुजवले आणि त्याच घरांत पोरं भाड्यानं ठेवली. नांदेड, बीड, परभणी, कुठून कुठून आईबाप ट्रंका घेऊन उतरायचे. सकाळी सहाची बॅच, रात्री नवाची बॅच, रविवारी पेपर. मी दिवसातून तीनदा तोच धडा शिकवायचो आणि तिसऱ्यांदा शिकवताना मलाच माझा आवाज नकोसा व्हायचा. अशा गावात गुरुजी एका शाळेत भूगोल शिकवायचे. भूगोलाला कोण कुत्रं विचारतंय! त्यांच्या बरोबरीच्या गणित-विज्ञानवाल्यांनी बंगले बांधले. हे आपले सायकलवर.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. लुंगीवर, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा, हातात शाळेच्या हजेरीचं लांबडं रजिस्टर. म्हणाले, "देगलूरचे म्हणता. मग तुमच्याकडं महालक्ष्म्या उभ्याच्या का खड्याच्या?"

मी म्हणालो, "उभ्याच्या. मुखवटे हायेत आजीच्या काळचे."

"पोटात गहू भरता का ज्वारी?"

"ते आईला विचारावं लागंल."

"विचारा. पक्कं विचारून सांगा. ऐकीव नको." असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. भाड्याचं बोलणं महिन्यानं झालं, तेही मीच काढलं.

पुढे मला सवय झाली. जिना चढता-उतरताना ते एखादी गोष्ट अंगावर टाकायचे. पुनवेचा चंद्र भाद्रपदा नक्षत्रापाशी येतो म्हणून महिन्याचं हे नाव, इथपासून सुरुवात. मग, आपला भादव्याचा काळा पंधरवडा उत्तरेतल्या लोकांचा आश्विन असतो, म्हणजे आपले पितर भादव्यात जेवतात आणि तेच पितर तिकडं आश्विनात. निजामाच्या कचेरीत महिने वेगळेच होते, आजूर, दै, बहमन. पण कचेरीत काहीही असो, चुलीपाशी बायका भादवाच मोजायच्या. चवथीचा चंद्र बघितला की आळ येतो. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसातलं खायचं. महालक्ष्म्या अनुराधेला येतात, ज्येष्ठेला जेवतात, मुळावर जातात, म्हणून त्यांना तिथी नाही, नक्षत्र बघायचं. हे सगळं ते इतकं रंगून सांगायचे की माझ्यासारख्या देवधर्म न करणाऱ्यालाही थांबावंसं वाटे. मी एकदा त्यांना सांगितलं, की सर्वपित्री अमावस्येला आपण कावळ्याला हाका मारत असतो त्याच दिवशी देगलूरच्या आमच्या तेलुगू शेजारणी फुलं रचून बतकम्मा मांडतात अन् फेर धरून गाणी म्हणतात. गुरुजी जिन्यातच खाली बसले. "एकाच दिवशी?" म्हणाले. "इकडं रडायचं अन् तिकडं गायचं? सर, हे लई मोठं सांगितलं तुम्ही." रजिस्टरात लिहून घेतलं. दोन रकाने असायचे, एक पक्कं आणि एक ऐकीव. माझं म्हणणं पक्क्यात गेलं, याचा मला उगाच अभिमान वाटला.

क्लासमधल्या आमच्या मास्तर लोकांत गुरुजींची फार टिंगल चालायची. आमचा एक केमिस्ट्रीवाला म्हणायचा, "भादव्यावर संशोधन करून राहिले म्हणं तुमचे घरमालक? मग माणसाला कशाला विचारतात, गल्लीतल्या कुत्र्यांना विचारा!" सगळे खो खो हसायचे. मीही हसायचो. चांगला पोट धरून हसायचो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

कारण एक गोष्ट मला दिसत होती आणि मी ती बघत नव्हतो. कुणालाही गाठलं, भोकरहून पोराला भेटायला आलेले आईबाप असोत, भाजीवाली असो, घटकाभर टेकलेला रिक्षावाला असो, दहा प्रश्न मजेत विचारून झाले की गुरुजी शेवटचा प्रश्न विचारायचे. तो विचारताना आवाज बदलायचा. समोरच्याकडे बघायचे नाहीत, रजिस्टराकडे बघायचे. "आणि, अनंताला घरची सून लागते का? म्हणजे, ती नसली तर चालत न्हाई, असं हाय का तुमच्यात?"

"न्हाई बा," समोरचा म्हणायचा.

"बरं." आणि रजिस्टर मिटायचं.

पहिल्याच वर्षी पितृपंधरवड्यात मी विचारलं. ते ओट्यावर गवारी मोडत बसले होते. पंधरवड्यातला स्वयंपाक स्वतःच करायचे. मी पेपरांचा गठ्ठा घेऊन वर चाललो होतो, सहज थांबून म्हणालो, "गुरुजी, ही अनंताची काय भानगड हाय? दरवेळी शेवटी तेच विचारता."

गवारी मोडण्याचं थांबलं नाही. धडा सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

"आमच्या घरी अनंत हाय. होता. औशाच्या खाली, तेरणेच्या काठाला आमचं गाव. पणजोबापासून अनंत चतुर्दशीचा चौदा गाठींचा दोरा घरात. त्या वर्षी महालक्ष्म्यांना आम्ही सगळे गावी गेलो. मी, बायको, पोरगी, पोरगं. अनंताच्या आदल्या दिवशी मला निघावं लागलं, पोरीची चाचणी होती शाळेत. बायको म्हणाली, मी बी येते, पोरीचं खाण्यापिण्याचं कोण बघंल. मी म्हणालो, घरची सून अनंत सोडून जात नसती. उद्या अनंत होऊ दे, परवा सकाळच्या गाडीनं ये."

एक शेंग मोडून झाली.

"परवा उजाडला न्हाई त्यांना."

आई, वडील, बायको, सात वर्षांचा मुलगा. माळवदाचं घर, दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, उन्हाळ्यात गार म्हणून गावभर कौतुक. सकाळी आठ वाजता गुरुजी एका ट्रकमध्ये उभे राहून गावाकडे निघाले ते संध्याकाळी पोचले. तिथलं त्यांनी मला काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नंतर एवढंच म्हणाले, "त्या वर्षी दोन भादवे होते, माहीताय का सर? अधिक भादवा आला होता. धोंड्याचा महिना. तो आला नसता तर गणपती, महालक्ष्म्या, अनंत, सगळं महिनाभर आधी उरकलं असतं. आम्ही चौघं लातूरला असतो."

मी गठ्ठा काखेत धरून उभा राहिलो.

"आता सगळ्या गावाची तिथी एकच," ते म्हणाले. "पत्र्याच्या नव्या वसाहतीत एकाच दिवशी घरोघर पित्तर असतंय. लोक पान घेऊन ओट्यावर उभे राहतात तासन्‌तास. कावळा तरी किती घरचं खाईल हो?"

त्या दिवसापासून मी हसायचं सोडलं. केमिस्ट्रीवाल्याशी एकदा भांडलोसुद्धा. पण त्यानं काय होतंय.

वाचलेली मुलगी होती ना, ती रेणापूरला मामाकडे असायची. भूकंपानंतर मामा आला आणि आठ दिवसांसाठी म्हणून घेऊन गेला. आठ दिवस झाले, महिना झाला, शाळेचा दाखलाही गेला. पोरगी यायला तयारच नाही. दिवाळीला गुरुजी जायचे. पोरगी पाणी द्यायची, चहा द्यायची आणि आत जाऊन बसायची. मी राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी ती दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. सगळ्या मराठवाड्याची पोरं लातूरला येऊन राहिली होती, अन् हिनं अकरावीला रेणापुरातच नाव घातलं. अर्ध्या तासावर बापाचं घर, तिथं यायचं नाही.

आणि बापानं तिच्यासाठी खोली ठेवलेली. खालची, रस्त्याकडची, हवेशीर. टेबल, खुर्ची, टेबलाचा दिवा, भिंतीवर आवर्त सारणीचा तक्ता, तो माझ्याकडूनच मागून नेला होता. लातुरात त्या दिवसांत लोक जिन्याखालची जागासुद्धा पोरांना भाड्यानं द्यायचे. गुरुजींनी ती खोली कधी दिली नाही. स्वतः तर अंगणात पत्र्याखाली बाजेवर झोपायचे, स्लॅबखाली त्यांना झोपच यायची नाही. लोक म्हणायचे, डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं. म्हातारा कसला, पन्नाशीसुद्धा नव्हती.

"ती येईल," मला म्हणायचे. "तिला वाटतंय बापानं हट्ट केला. हट्ट नव्हता हो, रीत होती. आमच्या वडिलांनी सांगितलेलं मी सांगितलं. कुठंतरी, कुण्यातरी घरात ही रीत असणार की. एक घर सापडू द्या. मग जातो अन् तिच्यापुढं रजिस्टर ठेवतो."

एकदा ते शाळेत गेले असताना मी ती रजिस्टरं चाळली. सात होती. चाळायला नको होती. पानोपानी गाव, माणसाचं नाव, नैवेद्य, भाज्या, नक्षत्रं, आणि खाली शेवटची ओळ. नाही. नाही, आमच्यात अनंत पुरुषाचं व्रत. नाही, सून माहेरी असली तरी चालते. नाही, मोठी जाऊ करते. नाही. त्या सात रजिस्टरांत लातूर, नांदेड, उस्मानाबाद, पार बिदरपर्यंतची गावं होती आणि सगळ्या गावांनी या एका माणसाला नाही म्हणून सांगितलं होतं. मी रजिस्टरं होती तशी रचून ठेवली.

मग मला ती अवदसा आठवली.

तिसऱ्या वर्षी, महालक्ष्म्या उठल्यावर, आई डोळे दाखवायला लातूरला आली. माझी आई म्हणजे देगलूरच्या अर्ध्या गल्लीचं पंचांग. कुणाच्या घरी काय करायचं, काय नाही, तिला विचारून करतात. मी तिला वर खोलीत बसवून सगळं सांगितलं आणि म्हणालो, "आई, गुरुजी तुला विचारतील. तू हो म्हण. आमच्यात सून लागतेच म्हण."

आई भडकलीच. "देवाधर्माचं खोटं बोलायला लावतूस व्हय रे मला? या वयात?"

"तुझं काय जातंय? त्या माणसाची पोरगी घरी येईल."

"असं खोट्यानं येतंय का कोणी?"

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आई गेली तवा केवढी होती पोरगी?"

"दहा-अकरा वर्षांची असंल."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "डॉक्टरनं औषध टाकलंय, त्याचं पाणी येऊन राहिलंय."

दुपारच्या चहाला गुरुजी वर आले. रजिस्टर होतंच. महालक्ष्म्यांच्या पोटाच्या कोथळ्यांत काय भरता, सोळा भाज्यांत कोणत्या कोणत्या, अंबील ताकातली का दुधातली, सगळं झालं. आई विचारल्यापुरतंच बोलत होती. मग गुरुजी खाली बघत म्हणाले, "आणि बाई, अनंताला घरची सून..."

"लागती म्हंजे?" आई म्हणाली. "लागतीच. आमच्यात तर सुनेबिगर अनंताचा दोरा हालत न्हाई. माझे वडील दवाखान्यात होते, आज जातेत का उद्या, अशी गत. तरी सासूनं सोडलं न्हाई मला. म्हणली, अनंत होऊ दे, मग जा. काय करता? रीत म्हंजे रीत. माझ्या सासूनं तरी काय, तिच्या सासूचंच सांगितलं."

वडील दवाखान्यात होते हे खरं होतं. आजीनं तिला सोडलं नव्हतं हेही खरं. पण ते दिवाळीत, आणि कारण नुसता आजीचा स्वभाव. इतक्या वर्षांत आई त्याबद्दल कधी बोलली नव्हती.

गुरुजींचं पेन थांबलं होतं. "पक्कं का बाई?"

"पक्कं."

"ऐकीव न्हाई ना?"

"गुरुजी, माझ्या अंगावरनं गेलंय. ऐकीव कसं असंल?"

त्यांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग एकदम उठून आईच्या पाया पडले. आई "अहो, अहो" करत मागं सरली. मला त्या क्षणी कोण आनंद झाला म्हणून सांगू! आपण फार मोठं काम केलं असं वाटलं. कसलं काम अन् कसलं काय. पेपरात पोरांना सांगतो, येत नसेल तर ठोकून देऊ नका, मार्क कापले जातात. आणि स्वतः ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी आईला देगलूरच्या गाडीत बसवून आलो तर गुरुजी दारात तयार. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली, काखेत रजिस्टर. "चला सर. रेणापूर."

"मी कशाला?"

"साक्षीदार पाहिजे. तुमच्या आईचं तुम्ही सांगा."

माझी बॅच होती. निरोप पाठवला की पोट बिघडलंय. बसमध्ये गुरुजी इतकं बोलत होते! पोरगी आली की दूध कुणाचं लावायचं, भौतिकशास्त्र तुम्हीच घ्या, गणिताला कोण बरं. मी हं हं करत राहिलो.

मामाचं घर गावाच्या कडेला. अंगणात उडीद वाळत घातला होता आणि एक मुलगी अनवाणी पायांनी तो उलटापालटा करत फिरत होती. दोन वेण्या, अंगावर कॉलेजचा ड्रेस. बापाला बघून ती थांबली. रागावली नाही, दचकली नाही. "या बाबा," म्हणाली, आणि पाणी आणायला गेली. मामानं खाट टाकली. तो बोलका नव्हता, रामराम करून उडदापाशीच बसून राहिला.

गुरुजींनी पाणी प्यायलं नाही. तांब्या खाली ठेवला, रजिस्टर उघडलं आणि उभ्यानंच वाचायला लागले. गाव देगलूर. माहिती देणार, सरांच्या मातोश्री. अनंताला घरची सून लागते. वडील आजारी असले तरी सोडत नाहीत. "हे सर हायेत. त्यांच्याच घरचं हाय. विचार त्यांना. आपलंच एकट्याचं घर नव्हतं बाई तसं. रीत हाय ती. मी मनचं न्हाई सांगितलं तुझ्या आईला."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तेवढं तरी नको करायला होतं.

"असंल रीत," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, शाळेत उत्तर सांगावं तसा. "पण बाबा, पूजा जोडप्यानं करायची असती ना? तुम्ही तर निघाला. तुमच्याबिगर अनंत झाला. मग आईबिगर का झाला नसता?"

गुरुजी रजिस्टरात बघत राहिले.

"आईनं पिशवी भरली होती," ती म्हणाली. "बाळ्याला बूट घातले होते. तो दारात उभा होता माझ्यासंग. तुम्ही त्याला बूट काढायला लावले. मला ते सारखं दिसतंय. मी तुमच्यावर रागावले न्हाई बाबा. पण त्या घरात आले की तुमच्याकडं बघावं लागंल, अन् तुमच्याकडं बघितलं की मला ते बूट दिसतेत. मला अभ्यास करायचाय. मला न्हाई जमणार." मग म्हणाली, "चहा टाकते. साखर कमीच ना?"

चहा घेतला आम्ही. बशीत ओतून, फुंकर मारून, सगळं रीतसर. मामानं उडदाच्या भावाबद्दल काहीतरी विचारलं, त्याला मी काहीतरी सांगितलं. निघताना मुलगी बापाच्या पाया पडली. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेवटच्या सीटवर बसलो. मला राहवलं नाही. म्हणालो, "गुरुजी, माझं चुकलं. आईनं तुम्हाला जे सांगितलं..."

"खोटं होतं," ते म्हणाले. "माहीताय मला. तुमच्याच गल्लीतली एक म्हातारी दोन वर्षांमागं इथं नातवाकडं आली होती. तिला विचारलं होतं मी. देगलूरला तसं काही न्हाई. पण तुमची आई सांगत होती ना, तवा घटकाभर मलाबी खरं वाटलं. लई बरं वाटलं."

"मग गेलात कशाला?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर काय, सोयाबीन आणि तूर.

"ती आली नसती तरी चाललं असतं हो," ते म्हणाले. "माझं काय, मी राहतोच हाय. पण आपली आई रीतीपायी गेली, असं पोरीला वाटलं असतं तर ती रीतीला शिव्या देऊन मोकळी झाली असती. रीत काय, सगळ्यांची असती. आता तिला जन्मभर वाटत राहणार, की बाप नुसता बोलला म्हणून आई गेली. घरात कुणी काही कारण नसताना बोललं अन् माणसं गेली. हे घेऊन कसं जगायचं पोरीनं?"

मग ते माझ्याकडे वळले. चष्म्याची दोरी कानामागे सरकवली. रजिस्टर मिटलेलं होतं. पण आवाज तोच होता, शेवटचा प्रश्न विचारायचा.

"सर, तिचं बरोबर हाय ना? मला जाता आलं, तसं तिच्या आईलाबी जाता आलं असतं. कुणाचं काही अडलं नसतं."

एकदा खोटं बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं झालं नाही.

"हाव गुरुजी," मी म्हणालो. "आलं असतं."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले, आणि मिटलेलं रजिस्टर काखेत धरलं.